नाना, गाडी पोचली

नाना, पोचली. आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. बाप्पा पोचले, गाडी पोचली आणि गाडी चालवणारा मीही पोचलो. हे शेवटचं ऐकून तुम्ही जिथे असाल तिथे ताठ झाला असणार. बसा सैल. मलाच अजून खरं वाटत नाहीये.

तुमची सवयच होती ती. रविवारी मयूर विहारला तुमच्याकडे जेवून आम्ही नोएडाला आमच्या घरी निघालो, की 'पोचलो' असा फोन आल्याशिवाय तुम्ही दुपारचे आडवे व्हायचा नाहीत. मेधा वैतागायची. "बाबा, पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे." तुमचं उत्तर ठरलेलं, "मग पंधरा मिनिटांनी फोन कर." मी जावई, त्यामुळे तोंडावर हसता यायचं नाही, लिफ्टमध्ये हसायचो. परवा तळ्याच्या काठी इंजिन बंद केलं आणि माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. त्या फोनचं शेवटी सांगतो.

खरं म्हणजे तुम्ही गेलात त्या सकाळीही रडू येण्याआधी मला हायसं वाटलं होतं. रागावू नका. तुम्हाला हॉस्पिटलातल्या नळ्यांची किती धास्ती होती ते मला माहीत आहे. "माझं वायरिंग करून ठेवू नका रे," असं शशांकला आणि मला किती वेळा बजावलं होतंत. आदल्या दिवशी गौरी गेल्या. उरलेल्या दोन पुरणपोळ्या तुम्ही खाल्ल्यात, तिसरीसाठी माईंशी भांडलात, आणि सकाळी चहा निवला तरी उठला नाहीत. माणसाने जावं तर असं, तिसऱ्या पोळीचा वाद बाकी ठेवून. मुलगा म्हणून शशांकला हे बोलता येत नाही. जावयाला येतं. जावयाला बरंच काही चालतं, हे पुढे सगळ्या सोसायटीलाच कळलं.

आता तिच्याबद्दल. तिच्या कंपनीचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. 'ती' म्हणायचात. मीही नाव घेत नाही. लांबलचक अमेरिकन गाडी, एका रांगेत आठ सिलिंडर, मागे दुमडणारा टप, दोन्ही बाजूंना फुटबोर्ड, आणि मागच्या सीटपुढे पाट मांडून जेवायला बसता येईल एवढी जागा. कोण्या संस्थानिकाने हौसेने मागवलेली. तुम्हाला सापडली तेव्हा मेहरौलीकडच्या एका फार्महाऊसमागे तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. काश्मिरी गेटच्या गल्ल्या पालथ्या घालून, अर्धे सुटे भाग शोधून आणि उरलेले अर्धे घडवून घेऊन तुम्ही तिला उभी केलीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये छोट्या छोट्या मारुतींच्या रांगेत ती अशी दिसायची, जशी शाळेच्या बाकावर बसलेली हेडमास्तरीणबाई.

आणि तिचं कौतुक करताना तुमचा चेहरा नेहमी अर्धा ओशाळलेला. "सगळ्या जगात मंदी होती हो तेव्हा. माणसं पावासाठी रांगेत उभी, आणि कारखान्यात कोणीतरी बसून हिच्या दारांना अक्रोडाचं लाकूड लावतंय. लाज वाटायला पाहिजे." एवढं म्हणून दार उघडायचात, हलकेच लावायचात, आणि तो मऊ आवाज आम्हाला ऐकवून म्हणायचात, "पण दार बघा." जन्म सरकारी नोकरीत गेलेला, दोन खोल्यांच्या क्वार्टरमधून इथल्या फ्लॅटमध्ये आलेले तुम्ही. त्या लाजेवरचा उपायही तुम्हीच काढलात. लग्नाची वरात नाही, रॅली नाही, कुणाचं प्रदर्शन नाही. रविवारी सकाळी एक्सप्रेसवेवर एक चक्कर, तिचे सांधे धरू नयेत म्हणून. बाकी वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीला, मंडळाचा गणपती हिच्यातून जाणार. "बाप्पा बसले की ती चैन राहत नाही," तुम्ही म्हणायचात, "तेव्हा ती नुसती गाडी होते."

या गाडीशी माझे संबंध पहिल्या दिवाळसणापासून बिघडले. नवा जावई, काहीतरी करून दाखवायची खुमखुमी. तुम्ही सगळे दुपारी झोपलेले. मी खाली गेलो, पाहिलं तर तिच्या पुढच्या दिव्यांवर मधूनमधून पिवळं पितळ दिसतंय. आमच्या घरी पितळ म्हटलं की चिंच. माईंच्या डब्यातली चिंच घेतली, थोडी राख कुठूनशी पैदा केली आणि दोन्ही दिवे असे घासले की तोंड दिसावं. वरचा चंदेरी मुलामा तुम्ही किती जपून वाचवलेला होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही खाली आलात. दिव्यांकडे पाहिलंत. माझ्या हातातल्या चिंचेकडे पाहिलंत. आवाज अजिबात न चढवता म्हणालात, "जावईबापू, ती समई नाही."

यानंतर मी शहाणा व्हायला हवा होतो. पण मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. पुढच्या गणपतीत 'जरा चालू करून बघतो' म्हणून बसलो आणि ती गिअरमध्ये आहे हे न पाहता पायाने स्टार्टर दाबला. समोर मंडळाचा थर्माकोलचा कैलास वाळत ठेवलेला होता. ती त्यात शिरली, शंकराच्या जटेपर्यंत. त्या दिवसापासून स्टिअरिंग मला बंद. मी चाळिशी ओलांडली, कंपनीत माझ्या हाताखाली माणसं आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बंदी उठली नाही.

त्याऐवजी तुम्ही मला चिमटे दिलेत. कपडे वाळत घालायचे, माईंचे लाकडी चिमटे. माणसाच्या चालीने मिरवणूक चालली की वारा लागत नाही, बॉनेटखाली भट्टी पेटते, आणि पेट्रोल पंपापर्यंत पोचायच्या आधी नळीतच उकळतं. त्यावर जुना इलाज म्हणजे नळीला हारीने चिमटे लावायचे आणि पंपावर ओलं फडकं ठेवायचं. हे माझं खातं. दर वर्षी एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन मी तिच्या बाजूने चालायचो. रिक्षावाले तुम्हाला विचारायचे, "अंकल, कितना देती है?" तुम्ही म्हणायचात, "देती कुछ नहीं, लेती है," आणि माझ्याकडे बोट दाखवायचात. शशांक तिकडे पुढे, कॅन्टोन्मेंटहून आलेल्या आपल्या मराठी जवानांच्या ढोलापाशी, गर्दी बाजूला सारत. मेधा लेझमीत. आणि मी बादलीवाला. माई निघताना दर वर्षी तेवढंच सांगायच्या, "माझे चिमटे परत आणा."

आपला वाद इथूनच सुरू झाला. मी म्हटलं, इलेक्ट्रिक पंप बसवू, सीटखाली लपवून, कुणाला दिसणार नाही. आणलासुद्धा होता. तुम्ही खोकं उघडलंही नाहीत. "तिला पेसमेकर नको. मला बसवलात तेवढा पुरे."

"तुमचा चालतोय ना पण बिल्कुल नीट?"

"चालतोय. पण मी ओरिजिनल राहिलो नाही."

"नाना, ती गरम होते. एक दिवस बाप्पाला रस्त्यात सोडेल."

"इतक्या वर्षांत सोडलंय? एकदा तरी बंद पडलीय?"

यावर मी खोकं परत उचलायचो. कारण नव्हती पडली. सगळ्या पूर्व दिल्लीत तुमच्या गाडीची ती कीर्ती होती. आणि दहनाआधी डॉक्टरांनी तो पेसमेकर काढून माझ्या हातात दिला ना, तेव्हा डोळे भरलेले असतानाही माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की नाना पुन्हा ओरिजिनल. तुमच्याच आवाजात आलं. मी खाली मान घालून हसलो आणि लोकांना वाटलं, जावयाला हुंदका फुटला.

तर तुम्ही गेलात, आणि चतुर्दशी तोंडावर. मंडळाच्या बर्वेबाई भेटायला आल्या. बाई सेक्रेटरी, मंत्रालयातून रिटायर झाल्या तरी मीटिंग घेतल्याशिवाय त्यांना शोकही करता येत नाही. हॉलमध्ये सतरंजीवर सगळे बसले आणि प्रश्न निघाला, गाडी नानांच्या घरची, घराला सूतक, मग यंदा गाडी चालेल का? एकजण म्हणाले, "छोटा हाथी टेम्पो बोलवून घेऊ, सिंपल." दुसरे म्हणाले, "पण गाडीला सूतक असतं का?" तिसऱ्यांनी विचारलं, "इन्शुरन्सवाले काय म्हणतात?" शेवटी बर्वेबाईंनी गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजी कुठेतरी पूजेत होते, मागे घंटा वाजत होती.

"यंत्राला गोत्र नसतं," गुरुजी म्हणाले. "चालवणाऱ्याला असतं. कोण चालवणार?"

"मुलगा चालवतो उत्तम, पण तो सुतकात."

"मग जावई आहे ना? जावयाचं गोत्र वेगळं. त्याचं तीन दिवसांत फिटलं. चलो, ठेवतो."

नाना, त्या हॉलमध्ये इतकी माणसं एकदम माझ्याकडे वळलेली मी लग्नातही पाहिली नव्हती. बर्वेबाईंनी चष्मा काढून पुसला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "कैलास."

वर आल्यावर शशांकने दार लावून घेतलं. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. "भाऊजी, स्पष्ट बोलू? गाडी विकत मागणारा तो गुडगावचा माणूस पुन्हा फोन करतोय. त्याच्या टॉवरच्या लॉबीत काचेआड ठेवणार म्हणतो. मी बाहेरगावी, महिन्यातून दोनदा येणार, तुम्ही..." इथे तो सभ्यपणे थांबला. "बाबांशिवाय तिला कोण सांभाळणार? परवा तळ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली तर ठेवू. रस्त्यात बसली, टो करून आणावी लागली, तर मी त्याला हो म्हणतो. दोरीला बांधलेली मला नाही बघवणार."

मला त्याचं चुकलं असं म्हणता येईना. पण काचेआड उभी असलेली ती डोळ्यांपुढे आली. खाली ऑफिसचे लोक कार्ड टॅप करून आत शिरतायत आणि तिच्या अक्रोडाच्या दारांना कोणी हात लावत नाहीये. तुमच्या जिवाला खाणारी सगळी लाज तिथे तिला चिकटणार होती आणि उतरवायला बाप्पा नव्हते. मी म्हटलं, "पोचेल." इतक्या ठामपणे बोललो की मेधा घाबरली.

परवा दुपारी निघालो. माई आणि शशांक वर गॅलरीत. शशांक फोनवर कानात, "गिअर बदलताना दोनदा क्लच, भाऊजी. दोनदा. पाय ठेवून बसू नका." चिमटे मीच लावले, बादली मात्र मेधाकडे दिली, लेझीम सोडून ती बाजूने चालली. बाप्पा मागच्या सीटवर लोडाला टेकून. मी घामाने निथळत, तुमच्या उशीवर बसून, कारण तुमच्याइतका उंच मी नाही. निघताना गचका बसला तसं बाप्पांना सावरणाऱ्या दोन पोरी किंचाळल्या. पण ती निघाली. गेटमधून, बाजारातून, मिठाईच्या दुकानावरून. लोक फुलं टाकत होते, काही तुमचं नाव घेत होते. मला रस्त्यापेक्षा तापमानाचा काटाच जास्त दिसत होता. हवा अशी दमट, जशी सप्टेंबरात दिल्लीलाच जमते.

मेट्रोच्या खांबांखाली वळलो आणि ती खोकली.

एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तो लांब उसासा, आणि बंद. ढोल पुढे गेले होते ते थांबले. मागे हॉर्न सुरू झाले. मी स्टार्टर दाबला, नुसतं गुरगुरणं. मेधाच्या हातातलं फडकं तसंच. कॅन्टोन्मेंटचे सुभेदार धावत आले, "साहेब, धक्का मारू का? दहा पोरं आहेत." दहा पोरांनी ढकलत नेलेली गाडी म्हणजे 'स्वतःच्या पायांनी' नव्हे, हे मला कळत होतं. कानात शशांक विचारत होता, "काय झालं? आवाज का थांबला?" आणि सगळी मिरवणूक माझ्या तोंडाकडे पाहत होती. तुम्ही म्हणाल की मी विचार केला असेल. काहीही केला नाही. तोंड लपवायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून कानातला फोन बंद केला, हात वर केला आणि ओरडलो, "आरती."

 मग बर्वेबाई म्हणाल्या, "अगदी नानांसारखं," आणि डोळ्यांना पदर लावला. टाळ्या सुरू झाल्या. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची सुरू झाली. मी फुटबोर्डावर उतरलो, आणि आता थांबलोच आहोत तर फडकं बदलून घ्यावं म्हणून बॉनेटची बाजू उचलली.

आणि हात तिथेच राहिला, नाना.

कारण दर वर्षी हेच. दर वर्षी तुम्ही अचानक हात वर करायचात, "आरती," इंजिन बंद. "आरती चालू असताना इंजिनाचा आवाज बरा नाही." एका वर्षी मिठाईच्या दुकानापुढे, एका वर्षी भर चौकात, एकदा तर दारूच्या ठेक्यासमोर. सगळे म्हणायचे, नानांना भाव दाटून येतो, जागा कोण बघतो. आणि मध्येच मान वळवून तुम्ही मला सहज म्हणायचात, "जावईबापू, थांबलोच आहोत तर फडकं बदलून घ्या." इतकी वर्षं मी समजत होतो की आरतीसाठी थांबलोय, तेवढ्यात फडकं बदलावं. फडकं बदलायला थांबलो होतो, म्हणून आरती होती. घरात कधी एक उदबत्ती न लावणारा माणूस रस्त्यावर सलग पाच आरत्या का म्हणायचा, ते मला त्या खांबाखाली कळलं. पाच आरत्यांत पंप थंड होतो.

म्हणजे ती दर वर्षी बंद पडत होती. तुम्ही लबाड होतात, नाना. आणि तोंड वर करून मला विचारायचात, एकदा तरी बंद पडलीय?

मी हसायला लागलो. बॉनेटमध्ये डोकं घालून, फडकं तोंडावर धरून. इतक्या वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. चिंच आणि कैलास घेऊन मी तुमच्या शेजारून चालत आलो, या गाडीचा खरा माणूस कसा असतो ते बघत, आणि त्या खऱ्या माणसाचीही गाडी माझ्यासारखीच चौकात अडकत होती. फरक इतकाच, की माझं तोंड पडायचं आणि तुम्ही हात वर करायचात.

मी विठोबाची आरतीही म्हणायला लावली, पाचवी दत्ताची म्हणायला लावली. शेवटचा गजर झाला. चढून बसलो, क्लच, स्टार्टर. ती पहिल्या दमात बोलली. सुभेदार म्हणाले, "देवाची गाडी आहे, साहेब." मी म्हटलं, "बिल्कुल."

तळ्याशी बाप्पा उतरले. इंजिन बंद केलं आणि हात खिशात गेला. तुमचाच नंबर लावला, सवयीने. वाजल्यावर भानावर आलो, पण तोवर माईंनी उचलला होता.

"पोचलो, माई," मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी शशांकला ते सांगितलं.  खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्याचं मोठ्याने नाक शिंकरणं. नंतर माईंनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "आरती कुठे केलीत?"

 म्हणजे त्यांनाही माहीत होतं. म्हणजे माईंचं ते 'घरात उदबत्ती नाही आणि रस्त्यात पाच-पाच आरत्या' असं सगळ्या बायकांदेखत कुरकुरणं, तेही तुमच्या दोघांच्या संगनमतातलंच.

"मेट्रोच्या खांबांपाशी," मी म्हटलं.

माईंनी मनात हिशेब केला असावा. "यांना मिठाईच्या दुकानाच्या पलीकडे फारसं कधी जाता आलं नाही," त्या म्हणाल्या. "यंदा लांब गेली म्हणायची."

गुडगावच्या माणसाला शशांक नाही म्हणालाय. इलेक्ट्रिक पंपाचं खोकं मी माळ्यावर टाकलंय. वाद संपला म्हणून नव्हे. ती गरम होते हे माझंच खरं होतं, आणि हे मी तुम्हाला भेटेन तेव्हा पुन्हा काढणार आहे. पण पाच आरत्या असताना मी पंप बसवून काय करू?

फोन ठेवताना माई म्हणाल्या ते तेवढं तुमच्या कानावर घालतो, म्हणजे घर नीट चाललंय याची तुम्हाला खात्री पटेल.

"बरं. आणि माझे चिमटे परत आणा."